पेलाभर सल्ला

मे महिन्याच्या शेवटी नागपुरात नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की पाणी पिणं ही खासगी बाब उरत नाही. चपला काढायच्या आत समोर तांब्या येतो. "नको, आत्ताच प्यायलो" म्हटलं की काकूंचं निदान तयार असतं: "पाणी पेत नाही ना तुम्ही, म्हणून डोकं दुखते." 45 अंशांत ते बहुतेकदा खरंही निघतं, त्यामुळे वाद घालता येत नाही.

काकूंच्या जोडीला आठ ग्लासांचा नियम असतोच. 1945 साली अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने दिवसाला अडीच लिटरचा आकडा दिला आणि त्यातलं बरंचसं पाणी अन्नातूनच मिळतं, हेही सोबत लिहिलं. ते दुसरं वाक्य वाचायला कोणी थांबलं नाही. वरण, ताक, टरबूज सगळं हिशेबात धरायचं. चहासुद्धा. (हे टपरीवर मोठ्याने बोलू नये.)

खरी फसवणूक आपल्या कोरड्या हवेची. घाम फुटताक्षणी वाळतो आणि माणूस छातीठोकपणे सांगतो, "मले तर घामच येत नाही बाप्पा." पाठीवर शर्टाला मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असतात, ते त्याला दिसत नाहीत. उन्हात अंगमेहनत करणाऱ्याचा घाम तासाला लिटरभरही जातो. शंका असेल तर कामाआधी आणि नंतर वजन करा. किलोभर उतरलं तर लिटरभर पाणी गेलं. डाएट फळलं म्हणून पेढे वाटू नका.

भरपाई मात्र एका दमात करायची नाही. उन्हात काम असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी कपभर, आणि तासाला दीड लिटरच्या आत. मूत्रपिंडं तासाला साधारण लिटरभरच पाणी बाहेर टाकतात. त्यावर ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. ते लिटरमागे 135 मिलिमोल या नेहमीच्या खालच्या हद्दीच्या बरंच खाली गेलं की मळमळ, डोकेदुखी, बरळणं, पुढे झटके. गंमत अशी की ऊन लागल्यावरही सुरुवात अशीच होते, त्यामुळे हितचिंतक लगबगीने आणखी एक तांब्या आणतात! बरळणाऱ्याला सावलीत न्या, ओल्या फडक्याने अंग पुसा आणि थेट दवाखाना गाठा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात थेंबही घालू नका.

म्हणून घामाच्या दिवशी पाण्याबरोबर मीठही हवं. जेवण, मिठाचं ताक, पन्हं एवढ्याने बहुतेकांचं भागतं. जुलाब झाले असतील तर ओआरएस: लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच, ग्लासात "जरा कडक" करून नाही. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. "चिमूटभर"वर माझा विश्वास नाही. चिमूट ज्याच्या-त्याच्या बोटांवर असते.

आपलं बरोबर चाललंय का, हे अ‍ॅपला नाही, लघवीला विचारा. फिकट पिवळी म्हणजे ठीक, गडद म्हणजे प्या. बी-कॉम्प्लेक्स घेणाऱ्यांनी भडक पिवळ्या रंगाला घाबरू नये. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी हे सगळं सोडून डॉक्टरांनी दिलेलं माप पाळावं.

आता माठ. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी खळखळून मिनिटभर उकळा, झाकून निवू द्या, मग माठात भरा. माठ आतून ब्रशने घासा, पण साबण नको. मातीच्या छिद्रांत वास मुरतो. पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढायचं. घरात एक जण असतोच, जो ग्लास बोटांसकट माठात बुडवतो आणि वर "आरओ बसवून घ्या" असा सल्ला देतो.

एवढी तपश्चर्या करून माणूस बाहेर पडतो आणि रसवंतीवर कुठल्या पाण्याचा ते देवालाच ठाऊक असलेला बर्फ घेतो. गोठल्याने जंतू मरत नाहीत. "बर्फ नको" म्हटलं की रसवंतीवाला आधी ग्लासाकडे, मग आपल्याकडे बघतो. न बिचकता उभं राहायचं. बर्फ गेला की ग्लासात रस जास्त ओतावा लागतो, त्याचं दुःख तेवढंच आहे.