काय होतंय ओ तुम्हाला?

आज सकाळी साडेसातला विश्रामबागेतल्या एका लॅबमध्ये उपाशीपोटी बसले होते, रक्त द्यायला. शेजारच्या काकांनी विचारलं, काय होतंय ओ तुम्हाला? म्हटलं काही नाही, सहा महिन्यांनी करते मी. तर म्हणाले, "काही होत नसताना सुई टोचून घ्यायची? पैसं लई झाल्यात जणू." काउंटरवरची पोरगी पण हसली. मी पण हसले, तेव्हा. दुपारपासून मात्र डोकं तापलंय.

अहो, जुलै लागला की अख्खी सांगली उठल्या उठल्या काय विचारते? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट, कोयना धरणातनं किती सोडलं. ४० ला इशारा, ४५ ला धोका, शेंबड्या पोराला पण पाठ. तेव्हा कुणी म्हणतं का, पाणी दारात आलं नाही ना, मग कशाला बघताय? २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं बघितलंय आपण सगळ्यांनी. आणि स्वतःच्या रक्ताचा आकडा विचारला की अपशकुन!

आमचे अण्णा हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. कीर्द पैशापर्यंत जुळल्याशिवाय उठायचे नाहीत. नवी चप्पल चावली अंगठ्याला, जखम भरेना, तर चप्पलच वाईट म्हणून दुसरी आणली, मग तिसरी, वर हळद दाबली (हळदीला काय तोटा), असे दोन महिने काढले. दुखत नाही म्हणायचे. दुखणार कसं, शुगरनं पायाच्या नसा कधीच बधिर केलेल्या. मिरजेला नेलं तेव्हा शुगर ३८०. अंगठा गेला. वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत एकदाही रक्त तपासलं नव्हतं, का तर काही होत नव्हतं.

हां, ते ८० टेस्टचं पॅकेज म्हणजे येडेपणा आहे, मान्य, नॉर्मलची रेंजच अशी आखतात की २० धडधाकट माणसांत एखाद्याचा आकडा बाहेर जातोच, मग ८० केल्यावर काहीतरी लाल येणारच आणि रात्रभर गूगल करत बसायचं (केलंय मी). पण मी कुठं ८० करते? तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c), क्रिएटिनिन (किडनीसाठी), कोलेस्टेरॉल आणि हिमोग्लोबिन, कारण ते कमी असलं तर शुगरचा तो आकडा पण फसवतो. बास. एका हॉटेलच्या बिलात होतंय.

मागच्या वेळी ही तीन महिन्यांची शुगर ५.८ टक्के आली. ५.७ पासून काठावरची, ६.५ ला डायबेटिस. म्हणजे पाणी ४० च्या पुढं गेलंय माझं, पण गाड्या वर काढायला वेळ आहे अजून. रात्रीचा भात सुटला, भडंगाचा डबा माळ्यावर गेला. चालायला जाते, रोज नाही, खोटं कशाला बोलू.

खरं सांगू, त्या काकांचा नंबर आला तेव्हा त्यांनी डोळे गच्च मिटले होते. मुलानं बळंच आणलं होतं बहुतेक. मग माझा राग जरा उतरला. अण्णा पण भीत असणार, आपण समजत होतो हट्ट करतायत. भ्यायचे आणि चपलेला शिव्या द्यायचे.

दादा, वाचतोयस ना? तुला ४९ संपलं. मला काय धाड भरलीय म्हणतोस, आणि परवा म्हणालास नवीन बूट चावतोय. उद्या सव्वासातला खाली येऊन हॉर्न वाजवते. चहा पिऊन बसू नकोस.