स्लॅब पडला का?

एप्रिल महिन्यात ओरेगनच्या आभाळाखाली सत्तरीतल्या वडिलांना तीन तास उघड्यावर बसवू नये. मी २०२३ साली बसवलं. चिरंजीवांना बेसबॉलचं वेड, तिकिटं आधीच काढलेली, आणि साताऱ्याहून आलेले अण्णा घरात बसून बसून आमच्या मागच्या डेकच्या फळ्या मोजायला लागलेले. (त्यांच्या हिशेबाने दोन कमी भरल्या. पुढचा संशय त्यांनी बोलून दाखवला नाही, नुसतं ‘हं’ म्हणाले.)

अण्णा सार्वजनिक बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले. म्हणजे कागदोपत्री झाले. आदल्या वर्षी त्यांना ग्रँड कॅन्यन दाखवायला नेलं होतं. शेजारी उभी असलेली माणसं भारावून गप्प झालेली, आणि अण्णा कठड्यावरून वाकून म्हणाले, “एवढं खोदकाम केलं, पण माती टाकली कुठं?”

तर आम्ही हिल्सबरोत राहतो. पोर्टलंडच्या पश्चिमेला, चिप बनवणाऱ्या कारखान्यांच्या आसपास. गावाचा बेसबॉल संघ आहे, हिल्सबरो हॉप्स. मोठ्या लीगमधल्या अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्सची ही धाकटी पाती, इथे पोरं तयार होतात आणि वर जातात. संघ २०१३ मध्ये शेजारच्या राज्यातल्या याकिमाहून इथे आला. गंमत म्हणजे अमेरिकेतलं बहुतेक हॉप्सचं पीक याकिमाच्या खोऱ्यात निघतं, पण तिथे असताना संघाचं नाव होतं बेअर्स. सासरी आल्यावर माहेरची आठवण काढावी तसं इथे येऊन हॉप्स नाव घेतलं.

“हॉप्स म्हणजे काय?” अण्णांनी दारातच विचारलं.

“एक वेल असते, अण्णा. तिची फुलं.”

“देवाला वाहतात?”

“बिअरमध्ये घालतात.”

अण्णा माळकरी. पण तोवर नातवाने त्यांच्या डोक्यावर त्याच फुलाचं चित्र असलेली टोपी चढवली होती आणि पावसाला सुरुवात झाली होती. समोरून संघाचा सोंगाड्या आला. हॉपच्या फुलाला हातपाय फुटावेत तसा, नाव बार्ली. “म्हणजे सातू,” मी भाषांतर केलं. अण्णांनी सातूशी हस्तांदोलन केलं आणि मला कानात म्हणाले, “सगळा मालमसाला इथंच आहे की रे.”

आता बेसबॉल समजावून सांगणं. ज्याला हे करावं लागलं नाही, त्याने पूर्वजन्मी काहीतरी पुण्य केलंय.

“तो बॅट टाकून पळाला!”

“बॅट टाकायचीच असते.”

“मग दुसऱ्यानं उचलली तर?”

“कोणी उचलत नाही, अण्णा.”

“आणि हा एवढा उंच मारलेला चेंडू? प्रेक्षकांत गेला. सिक्सर.”

“नाही, फाउल. रेषेच्या बाहेर गेला.”

“आउट?”

“नाही.”

“रन?”

“नाही.”

“मग मारला कशाला?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, तेव्हा मी विषय स्टेडियमकडे वळवला. इथेच माझी चूक झाली. “अण्णा, हे स्टेडियम आता पुरत नाही म्हणतात. शहर आणि संघ मिळून नवीन बहुउद्देशीय स्टेडियमचा विचार चाललाय.”

अण्णांनी मैदानावरची नजर काढली ती काढलीच. खिशातून चष्मा बाहेर आला. “हे कधीचं बांधकाम?”

“२०१३.”

“दहा वर्षांचं? तडे गेलेत?”

तडे कुठेच नव्हते. साडेचार हजार प्रेक्षक बसतील असं नेटकं, कृत्रिम हिरवळीचं मैदान. झालं होतं असं, की २०२१ मध्ये मोठ्या लीगने धाकट्या लीगांचा कारभार ताब्यात घेतला, जोडलेल्या १६० संघांचे १२० केले आणि उरलेल्यांना फर्मान काढलं: खेळाडूंच्या खोल्या एवढ्या मोठ्या हव्यात, सरावाला बंदिस्त जागा हवी, स्त्री कर्मचाऱ्यांसाठी वेगळी खोली हवी. हॉप्स नुसते वाचले नाहीत, एक पायरी वर चढले. आधी त्यांचा हंगाम जूनमध्ये सुरू व्हायचा आणि घरच्या मैदानावर ३८ सामने असायचे. आता ६६, आणि सुरुवात एप्रिलपासून. मूळ मैदान उन्हाळी पाहुण्यासाठी बांधलेलं, त्यावर पाहुणा पावसाळ्यातच येऊन बसला. आम्ही तिघे त्या वरच्या पायरीचा लाभ घेत भिजत होतो.

“मग वाढवा हेच.”

“ते पुरणार नाही म्हणतात. आणि नव्यात बेसबॉलखेरीज गाण्याचे कार्यक्रम, फुटबॉल, मेळावे, असं वर्षभर काहीतरी.”

“त्याला स्टेडियम कशाला लागतं?”

हा प्रश्न एकट्या अण्णांचा नव्हता, माझ्याही मनातला होता. आमच्या गावच्या झेडपी शाळेच्या मैदानावर सकाळी प्रार्थना, दुपारी वाळवणं, संध्याकाळी व्हॉलीबॉल व्हायचा. जत्रेत तिथेच तमाशाचा तंबू पडायचा, लगीनसराईत मांडव, आणि निवडणुकीत एकदा हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा तर पूर्ण पापडांची एक पाटी उडून पाटलांच्या विहिरीत गेली. कोणी सल्लागार नेमला नव्हता. एकच दुष्परिणाम व्हायचा, मांडवाच्या खुंट्यांची भोकं तशीच राहायची. त्यामुळे आमच्या गावचा प्रत्येक गोलंदाज स्वतःला लेगस्पिनर समजायचा. तालुक्याला सपाट मैदानावर खेळायला गेलो की खरं कळायचं.

अण्णांना मात्र भूमितीची चिंता. “फुटबॉलचं मैदान आयत, आणि हे पंख्यासारखं. हे एकात एक बसवणार कसं? आणि मधला तो ओटा?”

ओटा म्हणजे चेंडू फेकणारा पिचर उभा राहतो तो उंचवटा. दहा इंचांचा. अण्णांच्या नजरेला तो पहिल्या पाच मिनिटांतच खुपला होता. गोल भाकरी चौकोनी डब्यात ठेवायची तर एक तर भाकरी मोडते, नाहीतर कोपरे रिकामे राहतात. हे अमेरिकेने साठ-सत्तरच्या दशकांत मोठ्या खर्चाने शिकून घेतलंय. तेव्हा शहरोशहरी बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल या दोन्ही खेळांसाठी मिळून गोल स्टेडियमं बांधली. दोन्हीकडचे प्रेक्षक मैदानापासून लांब पडले, आणि तीस-चाळीस वर्षांत बहुतेक सगळी पाडून टाकली. पोर्टलंडचंच बघा. तिथल्या १९२६ च्या स्टेडियमात कुत्र्यांच्या शर्यती झाल्या, १९५७ मध्ये एल्विस प्रेस्ली गाऊन गेला, वर्षानुवर्षं बेसबॉल चालला. शेवटी फुटबॉलवाल्यांसाठी त्याचा नीट आयत केला, आणि २०१० नंतर बेसबॉलला गाव सोडावं लागलं. ती जागा मोकळी झाली म्हणून तर तीन वर्षांनी आमचे हॉप्स इकडे आले.

अण्णा ऐकत होते, पण चेहऱ्यावर पावसाचंच पाणी होतं, रस दिसत नव्हता. म्हणून मी सिएटलच्या किंगडोमची गोष्ट काढली. १९७६ मध्ये उघडलेलं, छत असलेलं, सगळ्या खेळांना चालणारं. १९९४ मध्ये छताचे तुकडे खाली पडले. २००० मध्ये सुरुंग लावून अख्खं पाडलं. “आणि अण्णा, कर्ज फिटलं २०१५ मध्ये.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. नातवाला बाजूला सरकवून जवळ आले. “पुन्हा सांग.”

“पाडलं २०००, कर्ज फिटलं २०१५.”

“पंधरा वर्षं! नसलेल्या इमारतीचे हप्ते!” एवढे खूश ते माझा इंजिनियरिंगचा निकाल लागला तेव्हाही झाले नव्हते. खात्यात छत्तीस वर्षं काढून त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं, पण असं काही श्रीमंत अमेरिकेत मिळेल अशी त्यांना आशा नव्हती.

तेवढ्यात सातव्या डावाचा मध्य आला. प्रथेप्रमाणे सगळं मैदान उठून उभं राहिलं आणि एका सुरात गायला लागलं. अण्णाही उठले. टोपी काढली, हात जोडले, डोळे मिटले. गाणं संपल्यावर तळहात डोळ्यांवरून फिरवून शांतपणे बसले आणि म्हणाले, “आता प्रसाद?”

प्रसाद चिरंजीवांच्या हातात होता. बेसबॉलच्या हेल्मेटएवढ्याच ऐटीचं, पण वाटीएवढं प्लॅस्टिकचं हेल्मेट, त्यात आइस्क्रीम. भर पावसात. सामना कोण जिंकलं ते मला आठवत नाही. तिघांनाही सर्दी झाली हे आठवतं, कारण बायको अजून आठवण करून देते.

नवीन स्टेडियमचं काम २०२४ मध्ये सुरू झालं, जुन्याला खेटूनच. पैसे संघाचे, शहराचे, थोडे राज्याचे. खर्च सुमारे १५ कोटी डॉलरच्या घरात, लक्ष्य होतं २०२६ चा हंगाम. अण्णा केव्हाच साताऱ्याला परतले होते, पण दर रविवारी व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न ठरलेला, “स्लॅब पडला का?” नातवाची परीक्षा, माझी तब्येत, सगळं त्यानंतर. मी ऑफिसला जाताना मुद्दाम वाट वाकडी करून कुंपणाबाहेरून फोटो काढायचो. एकदा ऊन होतं म्हणून नुसताच पुढे गेलो, तर रविवारी ऐकून घ्यावं लागलं, “साइटवर गेला नाहीस वाटतं.”

परवा कॉल लावला तर पडद्यावर आधी आई आली. तांदूळ मोजत होती. हातात ते हेल्मेट. अण्णांनी धुऊन, पुसून, बॅगेच्या तळाशी घालून नेलं होतं आणि मला पत्ताच नव्हता.

“दोघांना एक टोपी पुरते,” आई म्हणाली. “पाहुणे असले की दोन. सकाळी हे त्यानंच तुळशीला पाणी घालतात.”

मागून अण्णांचा आवाज आला, “विचार त्याला, स्लॅब पडला का?”