शांत कोपरा म्हणजे कोंडायची जागा नव्हे

विशेष मुलांच्या शाळांमधल्या 'शांत कोपऱ्या'चे, म्हणजे भडकलेल्या मुलाने सावरावं म्हणून वर्गात राखलेल्या जागेचे, फोटो हल्ली सारखे दिसतात. गादी, निळा दिवा, भिंतीवर हसरे-रडके चेहरे. फोटो छानच येतो. महिन्याभराने मात्र तिथे स्नेहसंमेलनाचं सामान रचलेलं असतं, नाहीतर एखादं मूल रडत बसवलेलं असतं.

कोपरा बिघडतो तो एका वाक्याने. "दंगा केलास ना, जा तिकडे बस!" हे एकदा कानावर पडलं की मुलाच्या लेखी ती शिक्षेची जागा झाली. पुढच्या वेळी ते तिथे जायलाच लाथा झाडणार. आणि कडी लावून एकटं कोंडणं तर नाहीच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळावरही बंदी घातली आहे.

कोपऱ्याची ओळख मूल खुशीत असताना करून द्यायची. दोन आठवडे, रोज दोन-तीन मिनिटं, ताईंनी सोबत बसून. फुगे उडवायचे, कारण साबणाचा फुगा हळू आणि लांब फुंकर घातल्याशिवाय होतच नाही. 'दीर्घ श्वास घे' हे सांगण्यापेक्षा ते कितीतरी सोपं. वस्तू चार-पाचच ठेवा. खेळण्यांचं दुकान मांडलं तर भडकलेलं मूल आणखी गोंधळतं.

खरा उद्रेक झाला की मोठ्यांनी आधी तोंड आवरायचं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. बाई समजावतात, मदतनीस मावशी दटावतात, शेजारच्या वर्गातले सर डोकावून "काय झालं रे?" विचारतात. त्या क्षणी मुलाला वाक्यं कळत नाहीत, फक्त आवाज वाढलेला कळतो. एकच मोठं माणूस जवळ, हातभर अंतरावर, समोर न उभं राहता बाजूला खाली बसलेलं. तीन-चार शब्द: "मी इथे आहे." डोळ्यांत बघायची सक्ती नको. बाकीच्या मुलांना बाहेर न्यायचं. चिडलेल्याला ओढण्यापेक्षा ते सुरक्षित.

रडणं थांबलं म्हणजे मूल सावरलं असं नाही. अर्धा तास, कधी त्याहून जास्तही लागतो. पाचव्या मिनिटाला "का केलंस असं?" विचारलं की दुसरा भडका ठरलेला.

आता वादाचा मुद्दा. गणिताच्या तासाला दरवेळी भडकणाऱ्या मुलाला दरवेळी घरी पाठवलं, तर ते काय शिकतं? भडकलं की गणित टळतं. म्हणून शांत झाल्यावर त्याच वहीकडे परत यायचं, फक्त दहाऐवजी दोन गणितं, त्यातलं पहिलं हमखास येणारं. पाडलेली खुर्ची ताईंबरोबर उचलायची. 'मुलं खंबीर झाली पाहिजेत' म्हणून भाषणं होतात, पण खंबीरपणा या परतण्यातच मुरतो. अर्थात गणित खरोखरच झेपत नसेल, तर आधी अभ्यासक्रम बदला, मुलाला नव्हे.

आणि नोंदवही ठेवा. तीन रकाने पुरतात: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. शेजारी वेळ. दोन-तीन आठवड्यांत काहीतरी दिसू लागतं. सगळे उद्रेक मधल्या सुट्टीच्या आधीच्या अर्ध्या तासातले निघाले, तर समुपदेशकाकडे पाठवण्याआधी एवढं करा: सुट्टीच्या तासभर आधी डब्यातले चार घास देऊन बघा, आणि मूल घंटेच्या आवाजाजवळ बसत असेल तर त्याची जागा बदला.