‘बसतला’ म्हणून गळ्यात मारलेला माल

अकरा दिवस झाले, माझा ट्रक अंगणात चिऱ्यांच्या थप्पीवर उभा आहे. मागची चाकं काढलेली, खाली ऑईलचं थारोळं. मे महिना चालू आहे. पाऊस लागला की चिरेखाणीत पाणी भरतं आणि खाण बंद होते, म्हणजे आमची कमाई जी काय असेल ती आत्ताची. आणि माझी गाडी उभी का? तर चार माणसांनी चार वेळा मला सांगितलं की पार्ट बसतो. आमचा मिस्त्री म्हणाला, ‘बसतला!’ कोल्हापूरचा दुकानदार म्हणाला, ‘बसतंय की!’ मापाची पट्टी मात्र एकानेही हातात धरली नाही.

सुरुवात पिनियनपासून झाली, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या छोट्या दातेरी चाकापासून. भरलेली गाडी फोंडा घाटात चढताना मागून कडाड आवाज आला. खोलून बघतो तर पिनियनच्या दोन दात्यांचे टवके उडालेले. जुनी गाडी, नवा सेट परवडत नाही, म्हणून कोल्हापुरातून जुन्या गाडीचा उतरवलेला अख्खा डिफरन्शियल, म्हणजे मागची चाकं फिरवणारी दातेरी चाकांची पेटी, घ्यायचं ठरलं. मी स्पष्ट सांगितलं होतं, माझा ४१/६ आहे, तोच द्या. क्राऊनला, म्हणजे पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या चाकाला, ४१ दाते, पिनियनला ६. म्हणजे गिअरबॉक्सकडून मागे येणारा शाफ्ट ६.८३ वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. खाणीतून भरून वर यायचं तर ती ओढ लागतेच. काउंटरवरचा म्हणाला, हाऊसिंग, म्हणजे बाहेरची पेटी, एकच आहे, डोळे झाकून घेऊन जावा. हाऊसिंग एकच होतं, ते खरं. बोल्टसुद्धा जागच्या जागी बसले. पण निघाला ४१/७. म्हणजे ५.८६! जिथे गाडी तिसऱ्या गिअरवर निघायची तिथे दुसरा टाकून इंजिन केकाटणार. वेगाच्या काट्याची केबल गिअरबॉक्समधून येते, त्यामुळे काटा ४० दाखवतो तेव्हा गाडी खरी ४६-४७ ने पळत असते. उताराला हा फरक जिवावरचा आहे.

दुकानदाराला फोन केला तर साहेब काय म्हणतात? ‘मग पिनियन तेवढा सहाचा टाका, क्राऊन राहू दे.’ हे ऐकून माझं डोकंच फिरलं. अरे, क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडी लावतात. दोघांवर जोडीचा नंबर कोरलेला असतो. एकाचा पिनियन आणि दुसऱ्याचा क्राऊन, असा संसार होत नाही. त्यात सहा दात्यांचा पिनियन सातवाल्या क्राऊनमध्ये नीट फिरणारच नाही. तुम्ही आयुष्यभर हा धंदा करता आणि हे तुम्हाला मी सांगायचं?

बरं, मोसम चालला होता. म्हटलं आता आहे त्यावर दोन महिने काढू. तर शाफ्ट जोडायला गेलो आणि फ्लँज, म्हणजे बोल्टने जोडायची चकती, मोठा. माझ्या शाफ्टचा फ्लँज १२० मिमीचा, ह्याचा १५०. आठ होल इकडे, आठ होल तिकडे, पण एकासमोर एक येईल तर शपथ. मिस्त्री म्हणतो, दुसरी होलं पाडू. मी नको म्हटलं. फ्लँजची होलं केसभर इकडेतिकडे झाली तरी शाफ्ट मध्यावर फिरत नाही, आणि मग केबिनमध्ये बसवत नाही इतकी थरथर येते. माझा जुना फ्लँज ह्या पिनियनवर चढवून बघितला, तर आतले दातेच वेगळे. शेवटी योकसकट, म्हणजे शाफ्टचा सांधा धरणाऱ्या दुबेळक्यासकट, दुसरा फ्लँज आणला. तोही ‘बसतला’ म्हणूनच.

आणि आता क्रॉस, म्हणजे दोन योकना जोडणारा अधिकच्या खुणेसारखा सांधा. ह्या एका क्रॉसने मला जेवढं छळलं तेवढं अख्ख्या गाडीने वीस वर्षांत छळलं नाही. माझ्या शाफ्टच्या योकचं भोक एक इंच तीन सूत, म्हणजे ३४.९३ मिमी. नव्या योकचं भोक ३५. फरक ०.०७ मिलिमीटर! डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळत नाही. दुकानात दोन्ही क्रॉस एकाच फळीवर, एकाच रंगाच्या खोक्यात. क्रॉसच्या टोकांवर आत बारीक सुया असलेल्या बेअरिंगच्या वाट्या असतात. मिस्त्रीने त्यातली ३५ ची वाटी पॉलिश पेपरने घासली आणि हातोड्याने माझ्या योकमध्ये ठोकली. ठोकताना आतली एक सुई आडवी पडून वाटीच्या तळाशी गेली. वाटी पूर्ण बसेना, तिला अडवणारं लॉक खाचेत जाईना. मी म्हटलं, ‘मिस्त्री, काढा, सुई पडली.’ तर म्हणे, ‘काय्येक नाय होणा, चलता चलता बसतला.’

तिसऱ्या फेरीला, घाट उतरतानाच, क्रॉस फुटला. शाफ्ट सुटून खालच्या पट्टीवर आपटायला लागला. गाडी गिअरमध्ये, पण शाफ्टच नाही म्हटल्यावर इंजिन गाडीला कसलं धरणार? भरलेला ट्रक, उतार, आणि हातात फक्त पायाचा ब्रेक. क्लीनर पोरगा एकोणीस वर्षांचा आहे. तो उडी मारून दगड लावायला धावला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. ती पट्टी मी स्वतः वेल्ड करून घेतली होती म्हणून शाफ्ट रस्त्यात रुतला नाही. त्या पोराच्या घरी मी काय तोंड दाखवलं असतं?

आणि दुकानातली पाटी काय, तर विकलेला माल परत घेतला जाणार नाही. चुकीचा माल दिला तरी? मी रेशो सांगितला, मॉडेल सांगितलं, गाडीचं साल सांगितलं. क्राऊनच्या कडेला आकडे ठोकलेले असतात, वंगण पुसून वाचायला अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट तुमच्याकडे नाही आणि माझे अकरा दिवस गेले! वर येण्याजाण्याचं भाडं, दोनदा काढलेलं ऑईल, मिस्त्रीची मजुरी, सगळं माझ्या खिशातून. मिस्त्रीवर राग आहेच, पण तो निदान रात्री दहापर्यंत माझ्याबरोबर गाडीखाली पडून होता. दुकानदाराने फोन उचलणं बंद केलंय.

शेजारच्या लेथवाल्याकडून व्हर्नियर मागून आणलाय. उद्या पहाटेच्या एसटीने पुन्हा कोल्हापूर. पोत्यात माझा जुना योक, फुटलेला क्रॉस आणि टवके उडालेला पिनियन घेतलाय. काउंटरवर ठेवणार, त्यांच्याच हातात व्हर्नियर देणार आणि म्हणणार, मोजा. माझ्यासमोर मोजा. ४१ आणि ६ मोठ्याने मोजा. तोपर्यंत मी तिथून हलणार नाही.