तारीख ठरली, आता नियोजन करा

अभिनंदन. टीम लीडचे तुम्ही प्रोजेक्ट मॅनेजर झालात. म्हणजे यापुढे कोड लिहायचा नाही, तो कधी लिहून होईल एवढंच सांगायचं. काम सोपं आहे, कारण उत्तर आधीच ठरलेलं असतं. सेल्सच्या मंडळींनी क्लायंटसोबत जेवताना तारीख देऊन टाकलेली असते. तुम्ही तिथून उलटं मोजत आजपर्यंत यायचं. मोजता मोजता प्रोजेक्ट गेल्या मार्चमध्येच सुरू व्हायला हवा होता असं निघालं, तरी घाबरू नका. टेस्टिंगचे आठवडे कमी करा, हिशेब जुळतो.

ही तारीख बऱ्याचदा लक्ष्मीपूजनाच्या आसपास पडते. यात कोणाचा दुष्टावा नाही. अमेरिकेतल्या अनेक क्लायंटकडे थँक्सगिव्हिंगपासून नव्या वर्षापर्यंत चालू सिस्टिमला हात लावायची बंदी असते, तेव्हा जे व्हायचं ते त्याआधी. त्यांच्या कॅलेंडरात दिवाळी नसते. तुमच्या गँट चार्टमध्येही (म्हणजे कामांचं वेळापत्रक दाखवणाऱ्या तक्त्यात) ती दाखवू नये. चकल्यांमुळे उशीर झाला असं दिसतं. रजेचे अर्ज ऑक्टोबरात येतील. तेव्हा दुखावल्यासारखं बघा.

एस्टिमेट मात्र डेव्हलपरला जरूर विचारावं, म्हणजे पुढे ‘तूच म्हणाला होतास’ म्हणता येतं. तो ‘तीन आठवडे’ म्हणाला की फक्त ‘नक्की?’ म्हणा आणि गप्प बसा. अर्ध्या मिनिटात दोन होतात. मुरलेला गडी असेल तर तो सुरुवातच पाचपासून करतो आणि मोठं मन करून तीनवर येतो. त्याने वाढवून सांगितलंय हे तुम्हाला ठाऊक, तुम्ही कापणार हे त्याला ठाऊक. तुळशीबागेत याला घासाघीस म्हणतात. आपल्याकडे तीन तासांचं इन्व्हाइट जातं आणि सात जण कॉलवर असतात. कामाचा आवाका मोजायचे स्टोरी पॉइंट म्हणजे दिवस नव्हेत, हे सोमवारी टीमला ठासून सांगा. शुक्रवारी ‘आठ पॉइंट म्हणजे किती दिवस?’ असं विचारायला विसरू नका.

पद्धत कोणती निवडावी, यावर फार डोकं शिणवू नका. १९७० साली विन्स्टन रॉयस यांनी एका निबंधात पायरीपायरीने खाली उतरणारी ती प्रसिद्ध आकृती (पुढे जिला वॉटरफॉल म्हणू लागले) काढली आणि हे असंच राबवणं जोखमीचं आहे, अपयशाला आमंत्रण आहे, असं तिथेच लिहूनही ठेवलं. लोकांनी आकृती घेतली, वाक्य सोडलं. तुम्हीही तेच करा. फॅशनचं काही हवं असेल तर अजाइल आहेच. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटामध्ये, बर्फावरच्या एका रिसॉर्टवर सतरा जण जमले आणि आराखड्याला चिकटून बसण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं मोलाचं, असं त्यांनी जाहीर केलं. आपल्याकडे याचा अर्थ मागण्या रोज बदलतील, तारीख बदलणार नाही, असा घ्यायचा. रोजचा पंधरा मिनिटांचा स्टँडअप, म्हणजे उभ्याने घ्यायची बैठक, पन्नास मिनिटं चालवा, बसून.

आता मुख्य कसोटी. दोन महिने उरलेत आणि निम्मंही काम झालेलं नाही. अशा वेळी खरा मॅनेजर माणसं मागतो. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली तर आणखी उशीर होतो. गणितही सरळ आहे: सहा जणांत बोलणाऱ्या जोड्या पंधरा, बारा जणांत सहासष्ट. पण ब्रूक्स यांना तुमच्या डिलिव्हरी हेडला तोंड द्यायचं नव्हतं. माणसं मागितली की मॅनेजरने पावलं उचलली असं दिसतं, शिवाय बेंचवरची, म्हणजे प्रोजेक्टविना बसलेली, माणसं बिलिंगला लागतात. म्हणून सहा मागा. (त्यांना माणसं म्हणू नका, रिसोर्स म्हणा, रिसोर्सला हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास लागत नाही.) ज्यांना सगळं येतं त्या दोघांना हातातलं काम टाकून नव्यांना केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे कामाची माहिती) द्यायला बसवा. पंधरवड्यात नवे तयार होतात आणि त्या दोघांतला एक राजीनामा देतो. त्याचा नोटीस पीरियड आराखड्यात ‘हस्तांतर टप्पा’ म्हणून टाकला की सगळं पूर्वनियोजित वाटतं.

स्टेटस रिपोर्टचा रंग हळूहळू चढवावा लागतो. डेव्हलपर लाल म्हणाला तर लीडने पिवळा लिहावा, तुम्ही ‘हिरवा, काही किरकोळ बाबी’ असं वर पाठवावं. डिलिव्हरी हेड किरकोळ बाबी काढून टाकतात. तेवढंच त्यांचं काम असतं आणि ते चोख करतात. शेवटच्या आठवड्यात हिरव्याचा एकदम लाल झाला की सगळ्यांना सारखाच धक्का बसतो, त्यामुळे दोष कुणा एकाचा राहत नाही.

टेस्टिंग सुरुवातीला कापलंच होतं. मनाला लागत असेल तर अमेरिकी सरकारची आरोग्य विम्याची वेबसाइट आठवा. १ ऑक्टोबर २०१३ ही तारीख हलणार नव्हती. सगळे भाग जोडून टोकापासून टोकापर्यंतची तपासणी उद्घाटनाआधीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत सुरू झाली, असं कंत्राटदारांनी नंतर संसदेच्या समितीला सांगितलं. पहिल्या दिवशी सहा जणांची विमा नोंदणी झाली. पण तारीख पाळली गेली, हे कोणी नाकारू शकत नाही.

गो-लाइव्ह झालं, वॉर रूम उठली, केक कापला, की ‘आपण काय शिकलो’ हा दस्तऐवज राहतो. तो नव्याने लिहिण्यात वेळ घालवू नका. मागच्या प्रोजेक्टचा उघडा आणि क्लायंटचं नाव बदला. पान चारवरच्या तक्त्यात जुनं नाव राहून गेलं तरी चालेल. त्याच्याही आधीच्या क्लायंटचं नाव तिथेच, खालच्या ओळीत आहे.