दिव्यांगांच्या राखीव पार्किंगचे बंधन संपलेले नाही

सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचा, म्हणजे इमारती आणि सुविधा दिव्यांगांना सहज वापरता येण्याचा, नियम रद्द केला, त्यामुळे दिव्यांगांसाठी पार्किंगची जागा राखणे आता ऐच्छिक झाले, असा संदेश सोसायट्यांच्या गटांमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आहे. निकालाचा अर्थ नेमका उलट आहे.

राजीव रतूरी यांच्या याचिकेवर 8 नोव्हेंबर 2024 रोजी न्यायालयाने 2017 च्या दिव्यांग हक्क नियमावलीतील नियम 15(1) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्या नियमामुळे सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीपुरते उरत होते, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ला ते बंधनकारक असणे अभिप्रेत आहे. म्हणूनच केंद्राला तीन महिन्यांत सक्तीचे किमान निकष ठरवण्याचा आदेश देण्यात आला. कायदा जसाच्या तसा आहे: कलम 41 मध्ये बसथांबे, रेल्वे स्थानके आणि विमानतळांवरील पार्किंगचा स्पष्ट उल्लेख असून, निकष न पाळणाऱ्या इमारतीला कलम 44 नुसार पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही.

जमिनीवर व्हीलचेअरचे चित्र रंगवले की काम झाले, हा समजही सोडायला हवा. केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा जागेची रुंदी किमान 3.6 मीटर आणि प्रवेशद्वारापासूनचे अंतर 30 मीटरच्या आत सांगितले होते. गाडीचे दार पूर्ण उघडून शेजारी व्हीलचेअर लावता आली, तरच माणूस खाली उतरू शकतो. शेजारी कोणी ‘दोनच मिनिटे’ म्हणून दुचाकी उभी केली, तर तो आपल्याच गाडीत अडकून पडतो.