पोहण्याने वजन उतरते, पण नाश्त्याचा हिशेब चुकवून नाही

मार्च महिना संपत आला की बेळगावात जलतरण तलावांच्या पासची चौकशी सुरू होते आणि त्याच सुमारास ‘पोहायला लागा, महिन्याभरात पोट आत जाईल’ असे छातीठोकपणे सांगणारेही जागोजागी भेटू लागतात. पोहणे हा माझा सर्वांत आवडता व्यायाम आहे आणि म्हणूनच त्याच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या या आश्वासनाविषयी चार शब्द लिहावेसे वाटले. पोहण्याने वजन उतरते, यात शंका नाही. परंतु तासभर पाण्यात काढल्यावर त्यातला किती वेळ आपण खरोखर पोहलो आणि कपडे बदलून बाहेर आल्यावर आपण काय खाल्ले, या दोन गोष्टींवर ते उतरणे अवलंबून असते. त्यातही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जड आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी खर्चाची बाजू पाहू. व्यायामाची तीव्रता ‘मेट’ या एककात मोजतात आणि स्वस्थ बसलेला माणूस दर किलो वजनामागे तासाला साधारण १ कॅलरी खर्च करतो, तो १ मेट धरतात. झपझप चालण्याला चार ते पाच मेट लागतात, रमतगमत पोहण्याला सहाच्या आसपास, तर जोर लावून फ्रीस्टाईल पोहण्याला दहाच्या घरात. म्हणजे ७५ किलो वजनाच्या माणसाने अर्धा तास न थांबता बेताच्या गतीने पोहल्यास सुमारे २२५ कॅलरी खर्च होतात. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात, हे लक्षात घेतले तर आहारात काहीच न बदलता केवळ अशा पोहण्याच्या जोरावर एक किलो घटवायला महिन्याहून अधिक काळ रोज, खाडा न करता पोहावे लागेल. महिन्याभरात पोट आत घालवण्याची भाषा करणाऱ्यांनी हा भागाकार एकदा कागदावर मांडून पाहावा.

त्यातही ‘न थांबता’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. कोणत्याही तलावावर सकाळच्या बॅचला गेल्यास उथळ बाजूच्या कठड्याला कोपर टेकवून उभी असलेली मंडळी हमखास दिसतात. एक फेरी मारायची, मग दम खायचा, मग महापालिकेचे राजकारण, मग मुलाच्या लग्नाचे, आणि शिटी वाजायच्या आत घाईघाईने आणखी एक फेरी. त्या गप्पांचे मोल मी कमी लेखत नाही, सेवानिवृत्तांसाठी तर त्या औषधासारख्या आहेत. पण तासाभराच्या पासात प्रत्यक्ष पोहणे पंधरा मिनिटांचे झाले असेल, तर हिशेबही पंधरा मिनिटांचाच धरायला हवा.

आता जमेची, म्हणजे खाण्याची बाजू. पोहून आल्यावर लागणारी भूक चालून आल्यावरच्या भुकेपेक्षा वेगळी असते, हा अनुभव तलावावर जाणाऱ्या प्रत्येकाला आहे आणि त्याला शास्त्राचा आधारही आहे. २००५ साली अमेरिकेतील फ्लोरिडा येथे झालेल्या एका छोट्या प्रयोगात काही तरुणांना पाण्यात बुडवलेल्या सायकलवर पाऊण तास व्यायाम करायला लावला, एकदा २० अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात आणि एकदा ३३ अंशांच्या पाण्यात. दोन्ही वेळा खर्च झालेली ऊर्जा जवळजवळ सारखीच होती, पण नंतर मनाप्रमाणे खायला मोकळीक दिल्यावर थंड पाण्यातून आलेल्यांनी सुमारे ४४ टक्के अधिक कॅलरी पोटात घातल्या. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे शरीर लवकर गार पडते आणि भूक खवळते, असा त्याचा साधारण अर्थ लावता येतो.

आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर वसलेले आहे. डिसेंबर-जानेवारीत उघड्या तलावात पहाटे उतरणाऱ्याला पाणी कसे चावते, हे वेगळे सांगायला नको. अशा पाण्यातून कुडकुडत बाहेर आलेल्या माणसापुढे तर्रीदार मिसळ, वर दोन पाव, शेजारच्या कढईतून नुकतीच निघालेली मिरची भजी आणि साखर अंमळ जास्त घातलेला चहा आला की, अर्ध्या तासाची कमाई दहा मिनिटांत वसूल होते आणि वर काही उधारीही राहते. रविवार असेल आणि कोणी कुंद्याचा, म्हणजे आपल्या बेळगावी मिठाईचा, डबा उघडला, तर हिशेब न मांडलेलाच बरा. ‘आज पोहलोय, आज चालतंय’ हे वाक्य या भागात वजन उतरण्याच्या आड जितके आले आहे, तितका आळसही आला नसेल.

संशोधनातले निष्कर्षही म्हणूनच परस्परविरोधी वाटतात. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्थूल स्त्रियांना आहारावर कोणतेही बंधन न घालता तीन गटांत व्यायाम दिला होता. चालणाऱ्या गटाचे वजन सुमारे १० टक्क्यांनी उतरले, सायकल चालवणाऱ्यांचे १२ टक्क्यांनी, आणि पोहणाऱ्यांचे मात्र अजिबात उतरले नाही. याउलट २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात ५० ते ७० वयाच्या ११६ स्त्रिया होत्या, आणि वर्षभरानंतर पोहणाऱ्या गटाचे वजन चालणाऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे १.१ किलोने अधिक घटलेले आढळले. पहिल्या अभ्यासाच्या आधारे पोहणे निकालात काढणे जितके चुकीचे, तितकेच दुसऱ्याचा झेंडा मिरवणेही चुकीचे. मला त्यातून एवढेच दिसते की पोहणे चालण्याहून फार वरचढही नाही आणि कमी प्रतीचेही नाही. आहार मोकळा सोडला तर ते हात देईल याची खात्री नाही.

मग पोहायचेच कशाला, शहरातल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फुकट चालता येत असताना तलावाचे शुल्क का भरावे, असा प्रश्न कोणी विचारील. याचे माझे उत्तर गुडघे हे आहे. मानेपर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायांवर त्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्साच येतो आणि कमरेइतक्या पाण्यात सुमारे निम्मा. नव्वद-पंचाण्णव किलो वजनाच्या, जिना उतरताना कठडा धरणाऱ्या माणसाला ‘रोज तासभर चाला’ असे सांगणे सोपे असते, पण चौथ्या दिवशी गुडघा सुजला की तो घरी बसतो. पाण्यात त्याच माणसाला घाम फुटेपर्यंत व्यायाम करता येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येता येते. ज्यांचे गुडघे, टाचा किंवा कंबर जमिनीवरचा व्यायाम सोसत नाहीत, त्यांच्यासाठी पोहण्याला तोड नाही. मात्र पाणी भार हलका करते म्हणूनच हाडांना त्यातून हवा तसा ताण मिळत नाही, तेव्हा पोहणाऱ्यांनीही आठवड्यातून दोन दिवस बैठका, जोर किंवा वजने यांना द्यावेत.

आमच्या पिढीची एक खास अडचण आहे. येळ्ळूर, उचगाव, कंग्राळीपासून खानापूर आणि निपाणीपर्यंतच्या गावांतून वाढलेले बहुतेक पुरुष विहिरीत पोहायला शिकले. कमरेला पत्र्याचा डबा किंवा ट्यूब बांधून काकाने नाहीतर थोरल्या भावाने ढकलून दिले आणि पोहणे आले. त्या शिक्षणाने पाण्याची भीती गेली, सूर मारता आला, मुटका मारून काठावरच्यांना भिजवता आले. परंतु विहिरीत सलग पोहायला जागाच नसते. चार हात मारले की समोर भिंत येते. शिवाय वरून कोण उडी टाकतो आहे हे पाहण्यासाठी डोके सतत वर ठेवण्याची सवय लागते. डोके वर राहिले की पाय खाली जातात, शरीर पाण्यात तिरके होते, पाण्याचा अडसर वाढतो आणि पंचवीस मीटरमध्ये छाती भरून येते. हा माणूस जीव वाचवण्यापुरता उत्तम पोहतो, पण वजन उतरवण्याइतका वेळ त्याला पोहता येत नाही.

यावर उपाय शिकण्यासारखा आहे आणि पन्नाशीतही तो साधतो. तोंड पाण्यात ठेवून नाका-तोंडाने श्वास हळूहळू पूर्ण सोडायचा आणि मान वर न उचलता फक्त बाजूला वळवून नवा घ्यायचा. दम लागतो तो बहुतेकदा श्वास कोंडून ठेवल्यामुळे. हे एकदा बसले की फेऱ्या आपोआप वाढतात. त्यानंतर एकाच संथ गतीत तरंगत राहण्याऐवजी एक फेरी जोरात, एक सावकाश, अशी पाळी लावावी. कारण सराव वाढतो तसे तेच अंतर कमी ऊर्जेत कापले जाते, आणि वर्षानुवर्षे त्याच चालीने पोहणाऱ्यांचे वजन एका जागी अडते ते यामुळेच. ज्यांना हृदयविकार किंवा रक्तदाब आहे आणि जे मधुमेहासाठी इन्सुलिन घेतात, त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराच्या फेऱ्या मारू नयेत. पाण्यात असताना रक्तातली साखर उतरली तर सावरायला वेळ मिळत नाही. आणि व्यायामाच्या हौसेने पावसाळ्यात मलप्रभा नदीत किंवा पाणी साठलेल्या खाणीत उतरणे हा व्यायाम नव्हे, हे इथे लिहावे लागते याचेच दुःख होते.

स्त्रियांचा प्रश्न याहून अवघड आहे. विहिरीचे ते शिक्षण त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला आले, आणि गुडघेदुखीने बेजार झालेल्या पन्नाशीच्या वहिनी-मावशींना पाण्यातल्या व्यायामाची गरज आमच्यापेक्षा जास्त असताना लेडीज बॅच बहुतेक ठिकाणी अशा वेळेला ठेवलेली असते की त्या वेळी घरात एकतर डबे भरायचे असतात किंवा मुले शाळेतून यायची असतात. उन्हाळी शिबिरे भरतात ती मुलांसाठी. मोठ्या वयात पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्यांसाठी वर्षभर चालणारी, सोयीच्या वेळेची आणि महिला प्रशिक्षक असलेली बॅच हवी, अशी मागणी आपण सर्वांनी आपापल्या तलावावर लेखी द्यावी. तोवर पोहता न येणाऱ्यांनीही थांबायचे कारण नाही. छातीइतक्या पाण्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात हलवत वीस मिनिटे चालून पाहावे, आणि घरून निघतानाच पिशवीत एक केळे व मूठभर फुटाणे टाकावेत, म्हणजे मिसळीच्या दुकानावरून परतताना पाय तिकडे वळत नाहीत.